पातेऱ्याचा हिशेब

संपादक महोदय,

कोकणातील जुन्या हापूस बागांवरील आपल्या लेखात ‘कलमांचे वय वाढते तशी जमीन आपोआप जास्त पाणी धरू लागते’ असे विधान आहे. त्यातले ‘आपोआप’ पटत नाही. पाणी धरतो तो कुजून मातीत मुरलेला पातेरा, म्हणजे गळलेला पालापाचोळा, आणि तोच अनेक बागांतून झाडून भाताच्या भाजावळीला, म्हणजे रोपांची जमीन भाजायला, नेला जातो. तिथे कलम पन्नास वर्षांचे झाले तरी जांभ्यावरचा मातीचा पातळ थर उघडाच. लेखातला पाणीसाठ्याचा ‘हेक्टरी लाखो लिटर’ हा आकडाही फुगवलेला आहे. मातीतला सेंद्रिय कर्ब एक टक्क्याने वाढला, तर १०० मिलिमीटर मातीत झाडाला मिळू शकणारे पाणी सरासरी १.१६ मिलिमीटरने वाढते, असे मिनास्नी आणि मॅकब्रॅटनी यांनी २०१८ साली जगभरच्या नोंदींवरून दाखवले. ३० सेंटिमीटर खोलीला हे हेक्टरी सुमारे ३५ हजार लिटर होतात. तेवढा कर्ब वाढायलाही वर्षानुवर्षे लागतात. शिवाय कलमाचा मोठा झालेला डेरा पाणी पितोही जास्त. लेखात या खर्चाचा उल्लेखच नाही.

मग पातेरा ठेवायचा कशाला? थेंबांचा मार अडवून पाणी मुरवायला आणि पावसाळ्यानंतर जमिनीची वाफ रोखायला. जांभ्यावर हे काम साठ्याहून मोलाचे. सुक्या पातेऱ्याने वणव्याचा धोका वाढतो हा आक्षेप खरा आहे, पण त्यासाठी बागेभोवती जाळरेषा काढावी. अख्खी बाग झाडून काढणे हा उपाय झाला नाही. पुढील लेखात जमेसोबत खर्चही छापावा.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी