लोकरीची पत

मे महिन्यात वऱ्हाड तापले की सुखवस्तू माणसे हिमालयाकडे पळतात. मलकापूरला गाडी धरायची, दिल्लीला बदलायची, पठाणकोटला उतरायचे आणि तिथून मोटारीने धर्मशाळा. वरच्या अंगाला असलेल्या मॅकलोडगंजसाठी एक दिवस राखून ठेवलेला असतो. सहलवाल्यांच्या पत्रकात त्याला ‘छोटे ल्हासा’ म्हटलेले असते. मंडळी तिथे प्रार्थनाचक्रे फिरवतात, मोमो खातात, एखादी शाल घेतात आणि परतल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगतात, ‘‘आम्ही तिबेटी लोक पाहिले!’’

या वाक्याची मला गंमत वाटते. दिवाळीचे फटाके विझले, की हेच लोक आपल्या विदर्भातल्या गावोगावी येतात. बांबू रोवतात, वर ताडपत्री ओढतात आणि संक्रांतीपर्यंत स्वेटर विकतात. आपण त्यांच्याकडून कानटोप्या घेतो, लेकरांच्या मापाचे स्वेटर घेतो, पण त्यांना ‘पाहिले’ असे काही आपण म्हणत नाही. दोन हजार किलोमीटरवर जाऊन जे दिसते, ते घरापासून फर्लांगभर अंतरावर दिसत नाही.

निवृत्तीनंतर मीही जाऊन आलो, तेव्हा ही टीका घरचा आहेर समजावी. मॅकलोडगंज ही इंग्रजांची छावणी. 1863 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन धर्मशाळेत वारले, त्यांची कबर तिथल्या देवदारांतल्या चर्चच्या आवारात आहे. 4 एप्रिल 1905 रोजी कांगड्याचा भूकंप झाला, सुमारे वीस हजार माणसे गेली आणि इंग्रजांचे या जागेवरून मन उडाले. स्वातंत्र्यानंतर तर ते जवळजवळ ओसाडच पडले. तिथे नौरोजी या पारशी घराण्याचे 1860 पासूनचे किराणा-जिनसांचे दुकान होते. गावच उठून गेल्यावर दुकान कोणासाठी मांडायचे? 1959 मध्ये दलाई लामा ल्हासाहून निघून भारतात आले, त्यांचा पहिला मुक्काम मसुरीला होता. तेव्हा या नौरोजींनी सरकारला सुचवले, की आमचे रिकामे गाव त्यांना द्या. 1960 मध्ये दलाई लामा तिथे आले ते कायमचेच. आज त्या दुकानाचे शटर बंद झाले आहे, पण एका दुकानदाराच्या व्यवहारी डोक्यातून जगाच्या नकाशावर एक गाव आले, ही गोष्ट मला फार आवडते.

मुख्य मंदिराभोवती डोंगराच्या कडेने एक प्रदक्षिणेची वाट आहे. सकाळी म्हातारी माणसे हातात जपमाळ घेऊन ती चालतात. वाटेतल्या एका बाकावर बसलेल्या आजीबाईंनी हिंदीत विचारले, कुठून आलात? बुलडाणा म्हटल्यावर त्यांना काही कळले नाही. अकोल्याजवळ म्हणताच चेहरा उजळला. ‘‘अकोला! बहुत गरम!’’ त्या कितीतरी हिवाळे अकोल्यात स्वेटर विकायला येत होत्या. ज्या गावाला आम्ही थंडीतही गरम म्हणतो, तिथे त्यांनी लोकर विकून मुलांची शिक्षणे केली होती.

पण तिबेटी वस्ती बघायला धर्मशाळेला जाण्याचीही गरज नाही. ती आपल्या महाराष्ट्रात आहे. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाच्या परिसरात गोठणगाव आहे. त्याच्याजवळ 1972 पासून नॉर्ग्येलिंग नावाची तिबेटी वसाहत नांदते आहे. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता, गोंदिया जिल्हा 1999 मध्ये वेगळा झाला. कर्नाटकातल्या बैलकुप्प्याची, मुंडगोडची नावे तरी लोकांच्या कानावर असतात. आपल्या झाडीपट्टीतल्या या वस्तीची खबर अर्ध्या विदर्भाला नाही. जे लोक याक चारत होते आणि सातू पिकवत होते, ते इथे धानाच्या बांधीत उतरले. इथला मे महिना, इथला पाऊस, इथले डास. उंच थंड हवेत वाढलेल्या पहिल्या पिढीने ते कसे सोसले असेल, याची कल्पना चंद्रपूर-गोंदियाचा उन्हाळा भोगलेल्यालाच करता येईल.

धानाने पोट भरते, पैसा येत नाही. म्हणून कापणी झाली की कुटुंबातली धडधाकट माणसे स्वेटरच्या व्यापाराला बाहेर पडतात. हा व्यापार बँकेत जन्म घालवलेल्या माणसाने समजून घेण्याजोगा आहे. माल तिबेटचा नसतो, हाताने विणलेलाही बहुतेक नसतो. तो लुधियान्याच्या गिरण्या-कारखान्यांचा. तिबेटी विक्रेता मोसमाच्या आधी लुधियान्याला जातो, थोडी रक्कम टेकवतो आणि बाकीचा माल उधारीवर उचलतो. तारण म्हणून द्यायला त्याच्याकडे जमीन नाही, घर त्याच्या नावावर नाही. आधार फक्त त्यांच्या संघटनेच्या शब्दाचा आणि गेल्या वर्षीचा हिशेब चुकता केल्याचा. संक्रांतीनंतर माणूस परत जातो आणि देणे फेडतो. लुधियान्याचा व्यापारी धर्मादाय करणारा नव्हे, तरीही त्याने पिढ्यान् पिढ्या हा व्यवहार चालू ठेवला, यातच काय ते आले.

मी शाखेत होतो तेव्हा डिसेंबर-जानेवारीत काऊंटरवर लुधियान्याचे डिमांड ड्राफ्ट काढायला ही माणसे यायची. दिवसभराच्या विक्रीच्या मळक्या नोटा नीट रचून, रबर लावून आणलेल्या. त्याच काऊंटरच्या पलीकडे कर्जविभाग होता. तिकडे त्यांच्यापैकी कोणी वळलेले मी पाहिले नाही. वळून उपयोगही नव्हता. सातबारा कुठे? जामीनदार कोण? नागरिकत्वाचा पुरावा? आमच्या फॉर्मातल्या एकाही रकान्यात हा माणूस बसत नव्हता. ज्याचा हप्ता कधी चुकला नसता त्याला कर्ज नाही, आणि ज्यांना दिले त्यांची खाती आम्ही निर्लेखित करत बसलो. पतपुरवठा हा शब्द आम्ही रोज वापरत होतो. त्यातली पत लुधियान्याच्या व्यापाऱ्याला कळली.

ही माणसे कायद्याच्या दृष्टीने परदेशी आहेत. नोंदणीचे प्रमाणपत्र ठरावीक मुदतीने नवे करून घ्यायचे, परदेशी जायचे तर पासपोर्टऐवजी पिवळे ओळखपत्र. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर 2010 मध्ये निर्णय दिला, की 26 जानेवारी 1950 नंतर आणि 1 जुलै 1987 पूर्वी भारतात जन्मलेले तिबेटी जन्माने भारतीयच आहेत. 2014 मध्ये निवडणूक आयोगाने अशांची नावे मतदारयादीत घेण्यास सांगितले. तरी अनेकांनी नागरिकत्व मागितले नाही. सगळेच भारतीय झाले, तर परत जाण्याचा दावा कोणी सांगायचा, हा त्यांचा प्रश्न. त्याला आपण बाहेरच्यांनी घाईने उत्तर देऊ नये.

याला एक दुसरी बाजू आहे आणि ती दडपण्यात अर्थ नाही. झाडीपट्टीत स्वतःचेच भूमिहीन कमी नाहीत. वनजमिनीचा पट्टा मिळावा म्हणून कचेऱ्यांचे उंबरठे झिजवणारा गोंड माणूस विचारतो, की आम्हाला का नाही? त्याचे म्हणणे खरे आहे. पण त्याचा पट्टा तिबेट्यांनी अडवलेला नाही, तो आपल्याच दप्तरांत अडकला आहे. एका उपेक्षिताचे माप दुसऱ्याच्या पदरातून भरून काढण्याची आपली जुनी खोड आहे.

केंद्र सरकारने 2014 मध्ये तिबेटी पुनर्वसन धोरण जाहीर केले. वस्त्यांच्या जमिनीचे वीस वर्षांचे भाडेपट्टे, रेशन व रोजगार हमीसारख्या योजना, व्यापाराचे परवाने, सगळे त्यात आहे. मात्र ते राबवायचे राज्यांनी. म्हणजे एखाद्या तहसिलातल्या टेबलावर किती दिवस पडून राहायचे, हे तिथल्या बाबूच्या मर्जीवर.

आणि तोवर माणसे थांबणार आहेत थोडीच? 2009 च्या त्यांच्या स्वतःच्या जनगणनेत भारतात 94 हजारांच्या आसपास तिबेटी होते. नंतर हा आकडा घटत गेला. शिकलेली मुले बंगळूर-दिल्लीला जातात, जमले तर अमेरिका, कॅनडा. रस्त्याच्या कडेला चार महिने ताडपत्रीखाली झोपायला ती का तयार होतील? दलाई लामांनी 2025 च्या जुलैमध्ये नव्वदी गाठली. दुकानांवर त्यांचे छायाचित्र असतेच. आपल्याकडच्या बौद्ध वस्तीतल्या बाया स्वेटर घेता घेता त्या छायाचित्राला हात जोडतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली ते 1956 साल, त्याच वर्षी बुद्धजयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षाच्या सोहळ्याला दलाई लामा भारतात आले होते. त्या बायांना हा योग कोणी सांगितलेला नसतो. घासाघीस मात्र त्या सोडत नाहीत. ‘‘कमी नाई होत काय वो बाई?’’ आणि पलीकडून शांतपणे, ‘‘एकच भाव.’’

बुलडाणा साडेसहाशे मीटर उंचीवर, थंड हवेचे म्हणून इंग्रजांनी निवडलेले गाव. इथे लोकर खपते. दिल्लीचे धोरण, राज्याचे पट्टे, बँकांचे रकाने हे सगळे व्हायचे तेव्हा होवो. पण कुठल्याही नगरपालिकेला दसऱ्याआधी एखाद्या मैदानाचा कोपरा, एक नळ आणि एक संडास या विक्रेत्यांसाठी चार महिने नेमून देता येतो. भाडे घ्यावे, त्याची रीतसर पावती द्यावी. एवढा ठराव करायला दिल्लीला विचारावे लागत नाही.