बिजोयेचा डबा

इंदुरात ‘बंगाली’ हा शब्द निघाला की दोन गोष्टी चटकन डोळ्यांपुढे येतात. एक आपला बंगाली चौराहा आणि दुसरे मिठाईच्या दुकानातील काचेचे कपाट. या दोहोंपलीकडे बंगाली माणसाचे एक घर असते आणि त्या घराची म्हणून काही रीत असते, हे आपल्या ध्यानी क्वचितच येते. माझ्या ध्यानी ते गेल्या दसऱ्याला आले, आणि आले ते लाजेच्या वाटेने. म्हणूनच हा लेखप्रपंच.

माझ्याकडे गाणे शिकावयास एक बंगाली मुलगी येते. दसरा होऊन दोन दिवस झाले होते. शिकवणीची वेळ नसताना ती संध्याकाळी आईला घेऊन आली. आईने पांढरी, तांबड्या काठाची सुती साडी नेसली होती. मुलीच्या हातात स्टीलचा डबा होता. दोघींनी प्रथम माझ्या वृद्ध आईला वाकून नमस्कार केला, मग डबा पुढे ठेवला. त्यात नारळाचे लहान लहान लाडू होते. ते त्यांचे ‘नारू’, आदल्या रात्री घरी वळलेले. आम्ही त्यांना आपट्याची पाने दिली. इथवर सारे यथास्थित झाले. पण पुढे बशी ठेवावयाची वेळ आली तेव्हा घरात घरचे असे काहीच निघेना. निघाले ते दुकानाचे खोके, आणि त्यावर ठळक अक्षरांत छापले होते, ‘बंगाली मिठाई’! बाईंनी हसून एक तुकडा घेतला व दुकानाची तारीफही केली. माझ्या आईने मात्र मान खाली घातली ती त्या जाईपर्यंत वर केली नाही.

आपला दसरा आणि त्यांची बिजोया हा एकच दिवस. देवीच्या मूर्तीचे विसर्जन झाले की धाकट्यांनी थोरांच्या पाया पडावयाचे, पुरुषांनी एकमेकांना आलिंगन द्यावयाचे आणि पुढे कालीपूजेपर्यंत, म्हणजे आपल्या दिवाळीपर्यंत, सवडीने आप्तेष्टांच्या व स्नेह्यांच्या घरी जाऊन तोंड गोड करावयाचे, अशी त्यांची चाल आहे. आपणही सोने वाटावयास घरोघर जात होतोच की! रामबागेतील जुनी घरे आठवा. आता आपण पानांचे चित्र फोनवरून पाठवितो आणि दसरा झाला असे समजतो.

कोणी म्हणेल, बंगाली लोक काय दुकानातून मिठाई आणीत नाहीत? आणतात, आणि आपल्याहून अधिक आणतात. परंतु येथेच त्यांची गंमत आहे. त्यांनी दुकानाचे दुकानाला आणि घराचे घराला ठेवले आहे. रसगुल्ला व संदेश ही छेन्याची कामे. दूध फाडावे, पाणी निथळू द्यावे, छेना तळहाताने मऊसूत होईपर्यंत मळावा आणि आचेचा अंदाज सांभाळावा, ही मोदक मंडळींची, म्हणजे त्यांच्या हलवायांची, कारागिरी. रसगुल्ल्याचे श्रेय बंगाली लोक कलकत्त्याच्या बागबाजारातील नबीनचंद्र दास यांस देतात आणि साल सांगतात १८६८. ओडिशाने यावर वाद मांडला. अखेर २०१७ साली बंगालच्या आणि २०१९ साली ओडिशाच्या रसगुल्ल्यास वेगवेगळे भौगोलिक मानांकन मिळाले. एका गोळ्यासाठी दोन प्रांत असे भांडतात याचे हसू येते खरे. पण आपल्या पदार्थाचा इतका अभिमान आपण कधी धरला, हेही विचारावयास हवे.

घरची पक्वान्ने मात्र निराळी. वाढदिवसाला पायेश, म्हणजे तांदळाची खीर. बिजोयेला नारू. पौष संक्रांतीला, आपण तिळगूळ वाटतो त्याच दिवशी, तांदळाच्या पिठाचे पिठे आणि पाटिसापटा. त्यांच्या पोटात नारळ आणि खजुरीच्या रसाचा नवा गूळ. हा रस थंडीतच उतरतो, म्हणून त्या गुळाची वाट पाहावी लागते. नारूचे सारण तर आपल्या उकडीच्या मोदकाचे सख्खे भावंड. खवलेला नारळ, गूळ, मंद आच आणि गरम असतानाच वळणारे हात. यापलीकडे त्यात काही नाही.

जे खाण्याचे तेच नेसण्याचे. वैशाखात बंगाली गृहिणी तांताची सुती साडी नेसते. शांतिपूर, फुलिया, धनियाखाली ही तिची माहेरे. साडी धुतली की भाताची खळ द्यावयाची, ओढून सरळ करून वाळवावयाची. खळीमुळे कापड अंगाला चिकटत नाही आणि वारा खेळता राहतो. आपल्यापाशी काय कमी आहे? अहिल्याबाईंनी ज्या महेश्वरास आश्रय दिला तेथील साडी मुळात सुती, हलकी, काठ दोन्ही बाजूंनी नेसता येईल असा. माळव्याच्या उन्हाळ्यासाठीच जणू विणलेली. मध्यंतरी ते माग थंडावले होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातील रिचर्ड व सॅली होळकर यांनी ‘रेहवा’ संस्था काढून त्यांस पुन्हा जीव दिला. माग वाचले, पण आपल्या घरांत महेश्वरी लग्नकार्यापुरती कपाटाबाहेर येते, आणि ज्येष्ठाच्या उन्हात आपण कृत्रिम धाग्यात घामाघूम होतो.

आणि ही देवघेव काही आजची नाही. सत्येंद्रनाथ ठाकूर, रवींद्रनाथांचे वडील बंधू, हे सनदी नोकरीत शिरलेले पहिले हिंदी गृहस्थ. १८६४ साली ते मुंबई इलाख्यात रुजू झाले. पत्नी ज्ञानदानंदिनी देवी सोबत होत्या. मुंबईच्या पारशी स्त्रियांचे नेसणे पाहून त्यांनी साडीची नवी धाटणी बसविली आणि बंगालने तिला नावच दिले ‘बोंबाई दस्तूर’. आपल्या शहराचेही एक देणे आहे. ज्यांचे वडील शहामीर खाँ होळकर दरबारी सारंगी वाजवीत, ते इंदूरचे उस्ताद अमीर खाँ १९६० च्या ‘क्षुधित पाषाण’ या बंगाली चित्रपटासाठी गायले, आणि १९७४ साली कलकत्त्यातच अपघातात गेले. त्यांची माती बंगालमध्ये आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी व बंगाली या दोन्ही भाषांना एकाच बैठकीत अभिजात दर्जा दिला. आपण पेढे वाटले, तेही योग्यच. परंतु दर्जा सरकार देते. भाषा, नेसणे, खाणे टिकते ते घरात. माझे वडील याच दरबारात गात. मी त्यांना उतारवयात झालो, त्यामुळे त्यांची मैफल मी ऐकलीच नाही; ऐकला तो पहाटेचा रियाज. मी जे थोडेबहुत शिकलो ते तेथे. संस्काराचेही असेच आहे. गणेशोत्सव, संमेलने, सत्कार या आपल्या मैफली. त्या आपण थाटाने करतो. रियाज मात्र सुटत चालला आहे. बंगाली माणसे या शहरात आपल्याहून पुष्कळ थोडी आहेत, पण त्यांचा रियाज चालू आहे.

यावर एक रास्त आक्षेप येईल. घरची बाई नोकरीला जाते. नारळ खवावयाचा कोणी? प्रश्न बरोबर आहे, पण उत्तर ‘दुकान’ हेच का? आपल्या जुन्या घरांतील पुरुषांनी आजवर घरच्या चवीचे कौतुक केले आणि खवणी मात्र बायकांच्या हाती ठेवली. मीही त्यांतलाच. चव हवी असेल तर खवणीवर बसावयास हवे.

त्या संध्याकाळनंतर आठ दिवसांनी मी नारळ आणले. माझ्या आईने खुर्चीत बसून सांगावयाचे, मी खवावयाचे आणि माझ्या मुलीने वळावयाचे असे ठरले. गूळ किती, असे विचारले तर आई म्हणाली, “हाताला कळतं.” तिचे हात आता थरथरतात, ते जे जाणतात ते वहीत कोठेही उतरलेले नाही. मुलीने तिची ओंजळ वाटीत मोजून घेतली. पहिल्या घाण्याच्या वड्या फुटल्या, दुसऱ्याच्या बऱ्या साधल्या. त्या बंगाली भगिनीचा रिकामा डबा आमच्याकडेच होता. आपल्याकडे डबा रिकामा परत करीत नाहीत. तो भरून माझी मुलगी पोचवून आली, तेव्हा कुठे आईची मान वर झाली.

येत्या दसऱ्याला सोने घेऊन घराबाहेर पडा. आणि कोणी डबा घेऊन तुमच्या दारी आले, तर बशीत काय ठेवाल, याचा विचार आजच करून ठेवा.