संचिका कोणाची?

आपल्या शाळेतून दहावी होऊन बाहेर पडणाऱ्या मुलाच्या हाती काय असते? गुणांचा मेमो, टी.सी. आणि वर्तणुकीचा दाखला. दहा वर्षे तीन कागदांत मावतात. पुढे इंटरची दोन वर्षे, मग उस्मानिया, जेएनटीयू किंवा आणखी एखादे विद्यापीठ. तेथेही सत्रागणिक मेमोच वाढत जातात. मुलाने काय काम केले, पहिल्यांदा काय चुकले, दुसऱ्यांदा ते कसे जमले, याचा पत्ता त्या कागदांवरून लागत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी जगातल्या अनेक विद्यापीठांनी ई-पोर्टफोलिओ सुरू केले. आपल्या शाळेतही ते असावेत की नाहीत, यावर आमचे मत येथे मांडत आहोत.

ई-पोर्टफोलिओ म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या कामाची संगणकावरील संचिका. तीत निबंध असेल, प्रयोगाचे छायाचित्र असेल, वक्तृत्व स्पर्धेतील भाषणाचे ध्वनिमुद्रण असेल. वास्तुकला आणि चित्रकलेचे विद्यार्थी आपल्या कामाची बाडे काखोटीला मारून फिरतात हे आपण पाहिले आहे. फरक इतकाच की त्यांच्या बाडात फक्त उत्तम तेवढेच असते. शिकण्यासाठीच्या संचिकेत पहिला कच्चा खर्डाही राहतो आणि त्याखाली मुलाने चार ओळी लिहायच्या असतात : हे मी का निवडले, आता लिहायचे झाले तर काय बदलीन. आमच्या मते या चार ओळींतच संचिकेचा जीव आहे. त्या नसतील तर ते नुसते कपाट.

आपल्याकडे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० साली सर्वांगीण प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली. त्यात शिक्षकांबरोबर मुलाने स्वतःचे आणि सोबत्यांनी एकमेकांचे मूल्यमापन करणे अपेक्षित आहे. २०२१ साली विद्यापीठांसाठी श्रेयांकांची बँक, म्हणजे अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, आली. पण या बँकेत श्रेयांक किती ते कळते. ते कोणत्या कामातून मिळाले, हे दाखवायला संचिकाच लागते.

"याचे एमसेटला किती मार्क?" असा प्रश्न काही पालक विचारतील. (त्या परीक्षेचे नाव आता ईएपीसीईटी झाले, पण आपल्या तोंडातून एमसेट काही जात नाही.) सरळ उत्तर : एकही नाही. मात्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी मुलाखतीला बसलेल्या मुलाला "तू स्वतः केलेल्या एखाद्या कामाविषयी सांग" असे विचारतात, तेव्हा पाठ केलेले काही उपयोगी पडत नाही. आपल्याच कामाविषयी चार वाक्ये नीट बोलायची सवय त्या वयात एकाएकी लागत नाही.

गुणांचा विषय निघालाच आहे तर मागचा अनुभवही आठवावा. सीबीएसईने २००९ साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले, २०१० साली महाराष्ट्रानेही पहिली ते आठवीसाठी ते लागू केले. विचार चांगला होता. घरोघरी झाले काय? मुले झोपी गेल्यावर आया थर्माकोल कापत बसल्या आणि कोटीच्या दुकानांतून तयार तक्ते विकत आणले गेले. सीबीएसईने २०१७ साली ती पद्धत मागे घेतली. ज्यावर गुण मिळतात ते काम पालक करतात, हे कटू असले तरी खरे आहे. म्हणून संचिकेला गुण देऊ नयेत, श्रेणी देऊ नये, बक्षीससुद्धा देऊ नये, असे आम्ही आग्रहाने म्हणतो.

दुसरा आग्रह भाषेचा. १९०७ साली विवेक वर्धिनी सुरू झाली, तेव्हापासून या शहरात मराठी शाळांची परंपरा आहे. पण वरच्या शिक्षणाची भाषा कधीच आपली नव्हती. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे. पुस्तके नव्हती म्हणून त्याआधीच भाषांतर विभाग स्थापन झाला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतील मुले घरी मराठी बोलत आणि कायदा, रसायनशास्त्र उर्दूतून शिकत. १९४८ नंतर तिथे इंग्रजी आली. आजचे आपले मूल आजीशी मराठीत बोलते, रिक्षावाल्याशी दखनीत, मित्राशी तेलुगूत आणि पेपर लिहिते इंग्रजीत. चार भाषा लीलया वापरणाऱ्या या मुलाच्या मेमोवर त्यातले फारसे उमटत नाही. तेव्हा निबंधाची भाषा कोणतीही असो, त्याखालच्या चार ओळी मुलाला ज्या भाषेत सुचतील त्या भाषेत लिहू द्याव्यात. टंकलेखन जमत नसेल तर बोलून ध्वनिमुद्रित करू द्याव्यात. शुद्धलेखनाची लाल शाई तिथे नको.

संचिका कोणाची, हा प्रश्न आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. न्यूझीलंडमध्ये २००६ साली 'महारा' नावाची एक मुक्त प्रणाली तयार झाली. नाव आपल्याकडचे वाटते, पण ते माओरी भाषेतले असून त्याचा अर्थ विचार करणे. तिच्यात कोणते पान कोणाला दाखवायचे हे विद्यार्थीच ठरवतो. शाळा सोडताना सगळे काम सोबत नेता येते. फुकट मिणाऱ्या जागांवर विसंबून चालत नाही. जिओसिटीज २००९ साली बंद झाले, ऑर्कुट २०१४ साली, आणि त्यांबरोबर कितीतरी जणांचे लिखाण व छायाचित्रे गेली. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. मुलाची संचिका शाळेच्या जाहिरातपत्रकासाठी वापरायची नाही, हे विश्वस्त मंडळाने आरंभीच लिहून द्यावे.

आता खर्चाचे. संगणक कक्षात आहेत तीच यंत्रे पुरतील. खरा खर्च शिक्षकांच्या वेळेचा आहे. चाळीस मुलांच्या पाच तुकड्या म्हणजे दोनशे संचिका. प्रत्येकीला दहाच मिनिटे दिली तरी तेहतीस तासांहून अधिक. ते तास वर्गपाठ तपासणे, पर्यवेक्षण आणि स्नेहसंमेलन सांभाळून बाईंनी घरी बसून काढावेत अशी अपेक्षा असेल, तर हे काम सुरूच करू नये. न वाचलेली संचिका मुलाच्या लगेच ध्यानात येते, आणि पुढच्या वेळी तो चार ओळींऐवजी एक ओळ लिहितो. आमची सूचना अशी की येत्या वर्षी आठवीची एकच तुकडी घ्यावी, सत्रात दोनच नोंदी ठेवाव्यात आणि त्या तुकडीच्या वर्गशिक्षकांच्या आठवड्यातील दोन तासिका कमी कराव्यात. त्या तासिकांसाठी बदली शिक्षकाचे मानधन किती पडेल, याचा आकडा विश्वस्तांनी पुढच्या पालक सभेपूर्वी जाहीर करावा.