आधी कागद, मग वीट

नायगाव बाजारात पावसाळा सरला की घरांची कामे निघतात. कुणी जुने माळवद उतरवून स्लॅब टाकतो, कुणी ओसरी फोडून तेथे शटर बसवितो. गवंडी ठरतो, सळई येते, वाळू येते. नगर पंचायतीचा परवाना मात्र येत नाही. ‘घर आपलेच, विचारायचे कुणाला?’ हे उत्तर ठरलेले. आमच्या मते हे उत्तर फार महाग आहे.

ग्रामपंचायतीच्या काळातील नमुना आठचा उतारा पुष्कळ बांधव जपून ठेवतात. तो कर आकारणीचा कागद होय. मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे, बांधकामाचा परवाना तर नव्हेच. उद्या बँक कर्जासाठी मंजूर नकाशा मागेल, तेव्हा हा उतारा पुरणार नाही.

रंगरंगोटी, गिलावा, फरशी यांसाठी परवाना लागत नाही. नवा स्लॅब, वाढीव खोली, वरचा मजला यांसाठी लागतो. राहत्या खोलीचे दुकान करणे हाही वापरातील बदलच. परंतु कचेरीची भीती बाळगण्याचे कारण नाही. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकात्मिक नियमावलीने १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडासाठी रीत सोपी केली आहे. नियमात बसणारा नकाशा परवानाधारक अभियंत्याकडून सादर करून शुल्क भरले की पावतीलाच परवानगीचे मोल आहे. अभियंत्याचा खर्चही वाया जात नाही. कच्च्या भिंतींवरील जड छत काय करते, हे १९९३ च्या किल्लारी भूकंपात मराठवाड्याने पाहिले आहे.

कागद नसेल तर काय? १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, १५ दिवसांची नोटीस व म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय बांधकाम पाडता येणार नाही. रस्ता, नदीपात्र अशा सार्वजनिक जागेवरील अतिक्रमणाला हे संरक्षण नाही. आणि नोटिशीने मुदत मिळते, बांधकाम कायदेशीर होत नाही. त्या सुनावणीत हातात दाखविण्यासारखे काही असावे, एवढेच आमचे सांगणे.

नगर पंचायतीचेही कर्तव्य आहे. कोणत्या कामाला परवाना, शुल्क किती, मुदत किती, हे साध्या मराठीत फलकावर लागले पाहिजे. अर्जाची पोच प्रत्येकाने मागून घ्यावी. विलंब झाल्यास २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येते.

गवंडी, सेंट्रिंगवाले व सुतार बांधवांनाही विनंती आहे. मध्येच काम थांबले तर पहिला रोज तुमचाच बुडतो. म्हणून बयाणा घेण्यापूर्वी मालकाला एकच प्रश्न विचारा : ‘परवान्याची पावती कुठे आहे?’