चेहरा, कटर आणि १२८

चित्रकलेच्या तासाला मुलांकडून स्टेन्सिल कापून पॉप आर्ट पोर्ट्रेट करून घेतात, हे मला मनापासून आवडतं. फक्त एक विनंती आहे. फोटोचा काळा-पांढरा करायचं काम कॉम्प्युटरला देऊ नका. कॉम्प्युटरवरच पोट असलेला माणूस हे म्हणतोय, तेव्हा जरा ऐका :-)

"मला चित्र काढता येत नाही" असं बरीच मुलं ठरवून टाकतात ती चेहऱ्यापाशी. नाक बिघडलं की सगळं बिघडलं! स्टेन्सिलमध्ये नाक काढायचंच नसतं. नाकाखालची सावली कापायची, नाक बघणाऱ्याचे डोळे आपोआप जुळवून घेतात.

आणि हे काही 'खोटं चित्र' नव्हे बरं. अँडी वॉरहॉलने १९६२ साली मेरिलिन मन्रोची चित्रं केली ती 'नायगारा' या १९५३ च्या सिनेमाच्या प्रसिद्धीच्या फोटोवरून. खाली सपाट रंग, वर सिल्कस्क्रीनमधून काळा छाप. आपल्याकडे लग्नपत्रिका छापायचे, त्याच जातीचं तंत्र.

आता कॉम्प्युटर काय करतो ते बघू. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला उजेडाचा एक आकडा असतो. ० म्हणजे काळाकुट्ट, २५५ म्हणजे पांढराशुभ्र. मधोमध १२८ वर रेघ मारायची, खालचं सगळं काळं, वरचं सगळं पांढरं. झालं, एका क्लिकचं काम! पण हीच रेघ अख्ख्या वर्गाला लावली की गोऱ्या मुलीचे डोळे-ओठ झकास उमटतात, आणि शेजारच्या सावळ्या मुलाचा चेहरा रेघेखाली जाऊन नुसता काळा डाग होतो. वर्गात हशा. गोरेपणाच्या क्रीमवर पोसलेल्या आपल्या समाजात असा हशा किती वर्षं लक्षात राहतो, हे मी सांगायला नको. आता तुम्ही म्हणाल, आकडा बदलता येतो की. येतो ना. पण मग सावली कुठे संपते ते ठरवलं कोणी? आकडा बदलणाऱ्या सरांनी. मुलाने नाही.

त्यापेक्षा फोटोची झेरॉक्स द्या, पेन्सिल द्या आणि थोडा वेळ द्या. सावळ्या चेहऱ्यावरही कपाळ चमकतं, गालाचं हाड चमकतं. बघायला लागलं की दिसतं. मग जाड पारदर्शक प्लॅस्टिकवर गिरवायचं आणि मोठ्यांनी कटरने, लहानांनी कात्रीने कापायचं. इथे दुसरा निर्णय येतो. 'व' अक्षर कापून बघा, पोटातला तुकडा गळून पडतो. डोळ्याभोवतीची रेघ पूर्ण कापली की आतला डोळाही तसाच जातो. त्याला धरून ठेवायला बारीक पट्टी सोडावी लागते. ती कुठे सोडली तर चेहरा बिघडणार नाही? डोकं खाजवू दे की जरा! रंग लावताना मात्र स्पंज जवळजवळ कोरडा हवा, नाहीतर रंग कडेखालून पसरतो आणि सगळी मेहनत वाया.

राहता राहिला रंग. खडूच्या पेटीतला तो फिकट 'स्किन कलर' आधी बाजूला काढून ठेवा. वॉरहॉलची मेरिलिन तरी कुठे माणसाच्या रंगाची होती? एक स्टेन्सिल, चार छाप : निळा, पोपटी, जांभळा, शेंदरी. चारही चेहरे त्याचेच, आणि रंगही त्यानेच निवडलेले.

मार्क, ग्रेड, प्रदर्शन वगैरे असो. आठवीतल्या पोराला स्वतःच्या चेहऱ्याकडे तासभर नीट बघू देणारा दुसरा विषय आपल्या वेळापत्रकात आहे कुठे? तेवढा एक तास तरी क्लिकच्या घशात घालू नका.