जुन्या मोटारीचे पाय

बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना ज्यांनी पाहिली असेल, त्यांना आठवेल की लोहार आधी चाक मोजी आणि मगच लोखंडाला हात लावी. धाव सैल झाली तर वाटेत निसटते, आणि फार आवळ झाली तर चाकच पिळवटते. म्हणजे चाकाप्रमाणे धाव, धावेप्रमाणे चाक नव्हे. एवढी साधी गोष्ट अडाणी समजल्या जाणाऱ्या त्या माणसाला कळत होती. आपल्या वाड्यांतून अजून उभ्या असलेल्या जुन्या मोटारींच्या बाबतीत मात्र ती कोणाला सुचत नाही, याचे मला नवल वाटते.

आमच्या बडोद्यात जुन्या मोटारींचे प्रेम नवे नाही. 2023 च्या जानेवारीत लक्ष्मीविलास राजवाड्याच्या हिरवळीवर देशभरच्या जुन्या गाड्यांचा मेळावा भरला, तेव्हापासून ते पुन्हा उफाळून आले आहे. आजोबांची लँडमास्टर, काकांची फियाट, कोणाची पहिल्या बनावटीची अँबॅसडर, सगळ्या पडवीतून बाहेर निघाल्या. रंग झाले, गाद्या शिवून झाल्या, पितळ चकचकीत झाले. आणि सर्वांत शेवटी, शिल्लक राहिलेल्या पैशांत, टायर. माझी तक्रार नेमकी या ‘शेवटी’विषयी आहे.

आमच्या एका स्नेह्यांच्या नातवाने घरच्या अँबॅसडरला पुढे दोन नवे रेडियल टायर बसवून घेतले. मागे जुने नायलॉनचे तसेच ठेवले. दुकानदार म्हणाला, “वळते ते पुढचे चाक, तेव्हा चांगला माल पुढे.” ऐकायला किती पटण्याजोगे! पावसाळ्यात मंडळी पावागडला निघाली. चांपानेर सोडून माचीचा घाट चढताना एका ओल्या वळणावर पुढची चाके शहाण्यासारखी वळली आणि गाडीचा मागचा भाग बाहेरच्या अंगाला निघून गेला. गाडी आडवी होऊन थांबली. मागच्या बाकावर आजी, सून आणि दोन लेकरे होती. कोणाला इजा झाली नाही, ही देवीची कृपा. पुढे चार दिवस घरात स्टिअरिंगचा दोष काढणे चालले होते. स्टिअरिंग बिचारे निर्दोष होते.

यातले कारण समजून घेण्यासारखे आहे. जुन्या पद्धतीच्या टायरात दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरपे, फुलीसारखे आडवेतिडवे घातलेले असतात. त्यामुळे त्याचे गाल आणि पाठ दोन्ही ताठ. रेडियलमध्ये दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातात आणि पाठीखाली पोलादी तारांचा पट्टा असतो; गाल मऊ, पाठ मात्र कणखर. मिशलिन या फ्रेंच कंपनीने 1946 मध्ये याचे पेटंट घेतले आणि 1949 मध्ये तो बाजारात आणला. वळणावर कोणताही टायर थोडा तिरका सरकतच चालतो. चाकाचे तोंड एकीकडे आणि गाडीची चाल किंचित दुसरीकडे. तेवढ्याच पकडीसाठी नायलॉन टायरला जास्त तिरके जावे लागते, रेडियलला कमी. आता पुढे रेडियल आणि मागे नायलॉन असले म्हणजे काय होईल, हे उघड आहे: पुढचा भाग रस्ता धरून राहतो आणि मागचा घसरत बाहेर जातो. नाइलाजाने दोन्ही जाती वापरायच्याच झाल्या तर रेडियल मागे, पुढे कधीही नाही. आणि एकाच आसावर एक असा नि एक तसा, हे तर महापाप. पण मी म्हणतो, मिसळायचेच कशाला?

दुसरा प्रकार याहून जास्त दिसतो. तरुण मंडळींना रुंद टायरांची भारी हौस. अँबॅसडरचा मूळ टायर 5.90-15, म्हणजे सुमारे सहा इंच रुंदीचा आणि पंधरा इंची रिमचा. गाडीचे सगळे गणित या अरुंद, उंच टायरावर बेतलेले. 1954 च्या मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातील ही गाडी. तिला पॉवर स्टिअरिंगची कल्पनाच नव्हती. तिला रुंद टायर चढवले की उभ्या जागी स्टिअरिंग वळवताना खांदे भरून येतात, खड्ड्याचा प्रत्येक दणका हातापर्यंत पोचतो, आणि टायर बुटका असला तर इंजिन त्याच वेगाला जास्त फिरते नि स्पीडोमीटर थापा मारू लागतो. दिसायला मात्र पैलवान!

तिसरा प्रकार सोवळ्या मंडळींचा. ‘मूळचेच टायर आहेत, नक्षी जशीच्या तशी,’ असे अभिमानाने सांगणारे. मेळाव्यात अस्सलपणाला मान असतो हे खरे. पण वीस-पंचवीस वर्षांचे रबर नक्षी शाबूत असूनही आतून वाळलेले असते, गालांवर बारीक भेगा पडलेल्या असतात. 2000 सालापासूनच्या टायरवर चार आकडे असतात. 3516 म्हणजे 2016 सालातला पस्तिसावा आठवडा. दहा वर्षे उलटली की नक्षीकडे न पाहता टायर काढावा, हे मी तरी मानतो. शिवाय गाडी महिनोन्‌महिने एकाच जागी उभी राहिली की टायर तळाशी चपटा होतो. नायलॉनच्या टायरला तर एका रात्रीतही थोडा चपटेपणा येतो. म्हणून सकाळचा पहिला मैल धडधडत जातो. गाडी ठोकळ्यांवर उचलून ठेवली तर हे टळते. पण ठोकळ्यांवरची गाडी पाहुण्यांना कशी दाखवायची, हा प्रश्न!

मग घ्यावे कोणते? माझे मत स्पष्ट आहे. गाडी गावातच, सणासुदीला किंवा वरातीला चाळीस-पन्नासच्या वेगाने निघणार असेल, तर मूळ मापाचे नवे नायलॉन टायर घ्यावेत. रस्त्यातल्या चाकोऱ्यांमागे ते थोडे भटकतात, पण घसरण्याआधी चालकाला भरपूर इशारा देतात. रेडियल शेवटपर्यंत धरून राहतो आणि सोडतो तेव्हा एकदम सोडतो. अहमदाबादच्या द्रुतगती मार्गावर मुलाबाळांना घेऊन जायचे असेल, तर मात्र अस्सलपणाचा हट्ट सोडावा. ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना रेडियलची बरोबरी जुना टायर करू शकत नाही. तेव्हा रेडियल घ्यावेत, पण अरुंद आणि उंच, मूळ घेराच्या जवळचे. आधी रिमला तडा वा गंज नाही ना हे पाहावे, आणि आत ट्यूब घालायची तर तीही रेडियलसाठीचीच. हवा डोळ्यांनी जोखू नये. रेडियलचा गाल पुरेशी हवा असतानाही फुगलेला दिसतो. मापक दहा मिनिटांचे काम करतो, तो वापरावा.

स्नेह्यांच्या घरी आता चार रेडियल बसले आहेत. आजोबांनी स्वतः दुकानात उभे राहून बसवून घेतले. वाद उरला आहे तो स्टेपनीचा. नातू म्हणतो, डिकीतला जुना नायलॉनचा एक राहू द्या, पंक्चर कधी होतेच असे नाही. आजोबा म्हणतात, पाचवाही त्याच जातीचा पाहिजे, नाहीतर पावागड नको. मी आजोबांच्या बाजूचा आहे, हे दोघांनाही कळवून टाकले आहे.