पेटंट जिंकलो, निंबोळी हरलो

मे महिना लागला की दरवर्षी तेच आवाहन फिरतं. निंबोळ्या गोळा करा, ५ टक्के अर्क फवारा, खर्च वाचवा. सल्ला चुकीचा नाही. पण गोळा करायच्या कोणी? निंबोळी गळते ती ऐन पेरणीच्या धामधुमीत. तेव्हा बाया सरकी टोबायला जातात. वरून पाऊस पडला की निंबोळी झाडाखालीच सडते. अन् ऑगस्टमध्ये पऱ्हाटीवर मावा-तुडतुडे आले, की शेतकरी कृषी केंद्राच्या पायरीवर उभा!

निंबोळी म्हणजे आजीबाईचा बटवा, असं समजून हसणाऱ्यांसाठी सांगतो. तिच्यात अझाडिरॅक्टिन नावाचं रसायन असतं. त्याने कीड खाणं सोडते, अळीला नीट कात टाकता येत नाही. कीड तासाभरात मरून पडत नाही, म्हणून आपल्याला वाटतं औषध फेल गेलं. उन्हात त्याची ताकद जाते, म्हणून फवारणी संध्याकाळीच करायची. अन् बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीपर्यंत ते पोचत नाही, हेही खरं. जादू नाही ही. वेळेवर वापरायचं हत्यार आहे.

२०१७ चा हंगाम आठवा. यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. निंबोळी असती तर ते वाचले असते, असा दावा मी करणार नाही. पण हंगामाच्या सुरुवातीच्या दोन फवारण्या विषाशिवाय निभावल्या, तर पाठीवर पंप घेणारा मजूर तेवढे दिवस तरी विषापासून लांब राहील की नाही?

आता दुसरी बाजू. 'शंभर टक्के हर्बल' लिहिलेल्या बाटल्या दुकानात रांगेने मांडलेल्या असतात. आत काय आणि किती, याचा पत्ता नाही. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हा भ्रम आधी सोडा. तंबाखूतलं निकोटिनही झाडातूनच येतं, अन् ते जालीम विष आहे. नोंदणी झालेल्या नीम औषधावर अझाडिरॅक्टिन किती पीपीएम, ते छापलेलं असतं: ३००, १५००, १०००० असं. ज्या बाटलीवर हा आकडाच नाही, ती नीम औषध म्हणून विकू कशी दिली जाते?

आणि अभिमानाचं म्हणाल, तर कडुनिंबाच्या तेलाने बुरशी रोखण्याच्या पद्धतीवर एका अमेरिकी कंपनीने आणि तिथल्या कृषी खात्याने युरोपात पेटंट मिळवलं होतं. भारतातून लढा दिला गेला. २००० साली ते रद्द झालं, २००५ मध्ये अपीलही फेटाळलं. आपण छाती फुगवली. पण जे आपलं म्हणून भांडलो, ते वेचायला माणूस नाही! शेजारच्या गुजरातेत जीएनएफसी या खत कंपनीने युरियाला लागणाऱ्या नीम तेलासाठी गावोगावी निंबोळी खरेदी सुरू केली. बायांनी वेचायचं, केंद्रावर वजन करायचं, पैसे घ्यायचे. तिथे जमतं, मग इथे फक्त पत्रकच का?

मागणी तीनच गोष्टींची आहे. मे अखेरीस बचत गटांमार्फत निंबोळी खरेदी आणि हातात रोख पैसे. गर काढायला, सावलीत वाळवायला अन् पूड करायला तालुक्यात एक तरी सोय. आणि आकडा नसलेल्या बाटल्यांचे नमुने पेरणीआधी तपासणं, हंगाम संपल्यावर नाही.

पुढच्या ग्रामसभेत यातला पहिला विषय तरी मांडा. तोवर दुकानात पैसे देण्याआधी विचारा, भाऊ, यात काय आहे अन् किती आहे? उत्तर नसेल तर बाटली परत ठेवा. उत्तर मिळालं तरी पक्कं बिल घेतल्याशिवाय पायरी उतरू नका.